शिरक्यासाठी आंबवणीचे भांडे कसे निवडावे?

गुऱ्हाळाचा हंगाम सरत आला म्हणजे पुष्कळ ठिकाणी थोडाबहुत ऊस असा उरतो, की तोडून चार दिवस पडल्यामुळे त्याच्या रसाचा गूळ नीट बसत नाही. जांभळाच्या दिवसांत झाडाखाली फळांचा सडा पडतो आणि त्यातील बरीच फळे बाजारापर्यंत पोहोचत नाहीत. अशा मालाचे काय करावे, हा प्रश्न बागायतदारांपुढे दरसाल येतो. या दोहोंचाही उत्तम शिरका होतो. कृती सोपी, खर्च बेताचा आणि माल टिकाऊ. तथापि ज्यांनी हा उद्योग एकदोनदा करून सोडून दिला, त्यांच्या तक्रारी ऐकल्या तर त्या ठराविक असतात. कोणाच्या बरणीचे झाकण उडाले, कोणाच्या रसावर बुरशी धरली, कोणाचा रस महिनोन् महिने आंबटच होईना, तर कोणाच्या शिरक्यास कळकलेली चव आली. या चारही तक्रारींचे मूळ शोधू जाता ते बहुधा भांड्यात सापडते. यास्तव प्रस्तुत लेखात रसाच्या कृतीचा विस्तार न करता भांड्याच्या निवडीचाच विचार मुख्यत्वे केला आहे.

आंबण्याचे दोन टप्पे

गोड रस एकदम आंबट होत नाही. प्रथम किण्व नावाचे सूक्ष्म जीव, ज्यांस बाजारात यीस्ट म्हणतात, रसातील साखर खाऊन तिचा मद्यार्क करतात. नंतर शिरक्याचे जंतू त्या मद्यार्काचे आम्ल करतात. फ्रान्समधील विख्यात शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी हे दोन्ही व्यापार सजीवांचे आहेत असे प्रयोगांनी दाखविले व 1868 साली शिरक्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या कामापुरती त्यातील मुख्य गोष्ट एवढीच, की या दोन जीवांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. किण्वास आपले काम करताना बाहेरच्या हवेची गरज नसते, उलट मोकळी हवा लागली की रसात नको ते जंतू शिरतात. शिरक्याच्या जंतूंस मात्र हवेवाचून क्षणभर चालत नाही. म्हणून एका टप्प्यास जे भांडे योग्य, तेच दुसऱ्या टप्प्यास अयोग्य ठरते. दोन्ही कामे एकाच बरणीत उरकू पाहणाऱ्याचा एक टप्पा हटकून बिघडतो.

युरोपात जवापासून घरगुती बिअर करणारे लोक पहिल्या टप्प्यावरच थांबतात आणि दुसरा टप्पा चुकूनही लागू नये म्हणून जपतात. इंग्लंडमध्ये घरच्या वापरापुरती बिअर करण्यास 1963 सालापासून परवाना लागत नाही, त्यामुळे तिकडे भांड्यांविषयी पुष्कळ अनुभव जमा झाला आहे. त्यांचे पहिल्या टप्प्याचे नियम आपणांस जसेच्या तसे उपयोगी पडतात.

पहिले भांडे: वायू बाहेर जावा, हवा आत येऊ नये

साखर आंबताना मद्यार्काबरोबर कर्बाम्ल वायू, ज्यास हल्ली कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो निघतो. एक किलो साखर पूर्णपणे आंबली तर सुमारे अर्धा किलो वायू निघतो व तो अडीचशे लिटरहून अधिक जागा व्यापतो. दहा लिटर रसात सव्वा किलोच्या आसपास साखर धरली, तर तीनशे लिटरच्या घरात वायू त्या लहानशा भांड्यातून बाहेर पडावयाचा असतो. त्यास वाट ठेवली नाही तर झाकण उडते, नाहीतर भांडे फुटते. काचेचे भांडे फुटल्यास जवळच्या माणसाचा डोळा जाण्याचे भय असते. म्हणून फिरकीचे झाकण घट्ट लावून रस आंबत ठेवणे हे कधीही करू नये.

पहिल्या भांड्याचे तोंड अरुंद असावे. त्यास छिद्र पाडलेले बूच बसवावे, छिद्रातून एक नळी काढावी व तिचे दुसरे टोक पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवून ठेवावे. वायू बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर जातो आणि बाहेरची हवा पाण्यामुळे आत येत नाही. बुडबुडे थांबत आले म्हणजे पहिला टप्पा संपत आला, ही खूणही आयती मिळते. घर बेताचे उबदार असल्यास, म्हणजे 25 ते 30 अंश सेल्सिअस असल्यास, या टप्प्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात.

भांडे काठोकाठ भरू नये. उसाच्या रसास फेस फार येतो, हे गुऱ्हाळाच्या काहिलीपाशी उभे राहिलेल्यास सांगावयास नको. मळी काढून, उकळून निववलेला रस घेतला तरी आंबताना तो पुन्हा फेसाळतो. याकरिता भांड्याचा चौथा हिस्सा रिकामा ठेवावा. दहा लिटर रस आंबवावयाचा तर सुमारे साडेतेरा लिटरचे भांडे पाहिजे. दहा लिटर रसास दहा लिटरचेच भांडे घेणारा मनुष्य दुसऱ्या दिवशी जमीन पुसत बसतो, आणि फेसाने नळी चोंदल्यास वर सांगितलेले संकट ओढवते.

वायूविषयी आणखी एक इशारा. तो हवेपेक्षा जड असून तळाशी साचतो. धान्याच्या पेवात उतरण्यापूर्वी दिवा सोडून पाहण्याची जुनी रीत याच वायूच्या भयाने पडली. दहा-वीस लिटरच्या भांड्यापासून धोका नाही, पण मोठी पिंपे बंद कोठडीत ठेवणाराने खिडकी उघडी ठेवावी व लहान मुलांस तेथे निजवू नये.

दुसरे भांडे: तोंड रुंद, रस उथळ

दुसऱ्या टप्प्यात सर्व नियम उलटतात. पाच टक्के मद्यार्क असलेल्या एक लिटर रसाचा शिरका होण्यास शंभर लिटरहून अधिक हवेतील प्राणवायू लागतो. शिरक्याचे जंतू रसाच्या पृष्ठभागावर पातळ सायीसारखा थर धरतात व तेथूनच हवा घेतात. सबब जितके पृष्ठ मोठे तितके काम लवकर.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरात व जमिनीच्या आकारणीत गेला असल्याने येथे थोडे क्षेत्रफळाचे गणित मांडतो. सोळा सेंटिमीटर व्यासाच्या उभट बरणीत दहा लिटर रस ओतला तर त्याची खोली सुमारे 50 सेंटिमीटर होते व हवेस लागणारे पृष्ठ सुमारे 200 चौरस सेंटिमीटर. तोच रस 32 सेंटिमीटर व्यासाच्या पसरट भांड्यात ओतला तर खोली साडेबारा सेंटिमीटरच्या आत राहते आणि पृष्ठ सुमारे 800 चौरस सेंटिमीटर होते. व्यास दुप्पट, पण पृष्ठ चौपट. ज्यांचा रस महिनोन् महिने आंबट झाला नाही, त्यांनी आपल्या बरणीचे माप घेऊन पाहावे म्हणजे उलगडा होईल.

फ्रान्समध्ये ऑर्लेआं शहरी ओकच्या लाकडाची पिंपे आडवी निजवून, ती अर्धवटच भरून व वरच्या अंगास हवेची छिद्रे ठेवून शिरका करण्याची जुनी पद्धती आहे. आडवे पिंप अर्धे भरले म्हणजे रसाचे पृष्ठ सर्वांत मोठे होते, ही त्यातील युक्ती. आपल्याकडे रुंद तोंडाची बरणी अर्ध्यापर्यंत किंवा फार तर दोन-तृतीयांश भरली असता तोच हेतू साधतो. तोंडावर झाकण न घालता दुहेरी-तिहेरी स्वच्छ कापड दोरीने घट्ट बांधावे. हवा आत जाते आणि चिलटे बाहेर राहतात. चिलटांस शिरक्याचा वास दुरून लागतो व एवढ्याशा फटीतूनही ती आत जाऊन अंडी घालतात.

या भांड्यात रस ओतताना त्याच्या चौथ्या हिश्शाइतका जुना, न उकळलेला, जिवंत शिरका विरजणाप्रमाणे घालावा. आरंभीच आंबटपणा आल्याने बुरशीस वाव राहत नाही. तळापासून चार बोटे वर तोटी असलेले भांडे मिळाल्यास फार सोईचे. वरची साय न मोडता खालून तयार शिरका काढता येतो व गाळ तळाशीच राहतो. साय मोडून बुडाली की नवी धरेपर्यंत काम खोळंबते. तोटी मात्र पितळेची नसावी, याचे कारण पुढे येईल. भांडे माजघरासारख्या सावलीच्या जागी ठेवावे. पस्तीस अंशांच्या वर उष्णता गेली की जंतू मंदावतात, म्हणून वैशाखात पत्र्याच्या छपराखाली ठेवलेला शिरका लवकर होण्याऐवजी बिघडतो. सर्व सोय नीट असल्यास काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांत शिरका तयार होतो.

तिसरे भांडे: काठोकाठ व घट्ट

शिरका तयार झाल्यावरही तो रुंद भांड्यात उघडा राहू दिला तर मद्यार्क संपल्यानंतर तेच जंतू तयार आम्ल खाऊ लागतात आणि शिरका दिवसेंदिवस फिका पडतो. म्हणून तयार माल गाळून काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरावा व बूच घट्ट मारावे. येथे वायू निघावयाचा नसल्याने घट्ट बुचाचे भय नाही.

येणेप्रमाणे पहिल्या भांड्यात हवा बंद पण वायूस वाट, दुसऱ्यात हवा मोकळी, तिसऱ्यात दोन्ही बंद. एवढा हवेचा हिशेब ध्यानात राहिला म्हणजे भांड्याचा आकार आपोआप ठरतो.

भांडे कशाचे असावे?

आकार ठरल्यावर द्रव्याचा विचार. शिरका हे आम्ल आहे व ते अनेक धातूंस खाते.

तांबे व पितळ: या कामी सर्वथा वर्ज्य. पितळी भांड्यात ताक कळकते हे घरोघरी ठाऊक आहे. शिरक्याने तर तांब्यावर हिरवे जंगाल धरते व ते पोटात गेल्यास ओकारी होते. कल्हई केलेल्या भांड्यावरही विसंबू नये. आंबवणीच्या दीर्घ काळात कल्हई झिजून खालचे तांबे उघडे पडते. पितळेची तोटी, पितळेची चाळणी व तांब्याची पळी यांसही हाच नियम.

लोखंड व जर्मन: लोखंडाने शिरका काळवंडतो व त्यास धातूची चव येते. जर्मनच्या पातेल्यास आम्लाने खड्डे पडतात. रस उकळून लगेच ओतून घेण्यापुरते पातेले चालेल, आंबवणीस चालणार नाही.

स्टेनलेस पोलाद: 304 या प्रतीचे भांडे पहिल्या टप्प्यास चांगले, टिकाऊ व धुण्यास सोपे. आम्ल दीर्घकाळ साठवावयाचे असल्यास 316 ही प्रत अधिक टिकते, पण ती महाग. भांडे घेताना आतील जोडावरून बोट फिरवून पाहावे. जोड खडबडीत असेल तर त्यात मळ साचतो.

काच: आम्लाचा काचेवर परिणाम होत नाही, वास राहत नाही आणि आत काय चालले आहे ते दिसते. पहिल्या टप्प्यास नवशिक्याने काच घ्यावी असे आमचे मत आहे. दोष दोनच. ती फुटते, आणि कढत रस ओतल्यास तडकते. रस हातास कोमट लागेपर्यंत निववावा. भरलेली मोठी बरणी गळ्याशी धरून उचलू नये, तळाशी हात द्यावा किंवा टोपलीत ठेवून न्यावी.

चिनी मातीची बरणी: लोणच्याची जाड, उच्च आचेवर भाजलेली बरणी दुसऱ्या टप्प्यास उत्तम. तिच्यात उष्णता एकसारखी राहते व उजेड शिरत नाही. घेताना बोटाने टिचकी मारावी. खणखणीत आवाज आला तर बरणी साबूत, बद्द आवाज आला तर कोठेतरी तडा आहे असे समजावे. आतील झिलई फुटलेली किंवा केसासारख्या भेगा पडलेली बरणी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, कारण भेगेतील जुने जंतू कितीही धुतले तरी जात नाहीत.

रंगीत झिलईची भांडी: येथे मोठा धोका आहे. मंद आचेवर भाजलेल्या शोभेच्या मातीच्या भांड्यांच्या चकचकीत लेपात शिसे असू शकते. शिरका ते शिसे ओढून घेतो. त्याची चव कडू लागत नाही, उलट शिशाचा हा क्षार गोड असतो, त्यामुळे खाणाऱ्यास संशय येत नाही. प्राचीन रोमी लोक द्राक्षरस शिशाच्या भांड्यांत आटवीत, त्यामुळे तो गोड लागे, पण त्यातून विष पोटात जाई. शिसे शरीरात साचत जाते व लहान मुलांच्या बुद्धीस अपाय करते. शोभेच्या बरणीत आंबट पदार्थ ठेवूच नये.

कच्चे मडके: झिलई नसलेले मडके पाझरते व रस पिते. एकदा मुरलेला रस त्यातून काढता येत नाही, म्हणून पुढच्या खेपेस काय विरजेल याचा भरवसा राहत नाही. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस मातीच्या मोठ्या भांड्यांत आंबविण्याची जुनी चाल आहे खरी, परंतु तेथे तो रस पुढे भट्टीवर चढवून ऊर्ध्वपातित करतात. शिरका आपण तसाच खातो, त्यामुळे तो आधार येथे लागू पडत नाही.

लाकूड: ऑर्लेआंच्या पिंपाचे वर्णन वर आले आहे. ते वर्षानुवर्षे अखंड भरलेले असते म्हणून टिकते. आपल्याकडे वर्षातून एकदा काम निघणार, मधल्या काळात पिंप सुकून फळ्यांमध्ये फटी पडणार. लहान शेतकऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

प्लॅस्टिक: स्वस्त, हलके व न फुटणारे, म्हणून हल्ली याचाच प्रसार फार. खाद्यपदार्थांसाठी केलेले भांडेच घ्यावे. तळाशी पेला व काटाचमचा यांचे चिन्ह आणि त्रिकोणात 2 हा आकडा असलेले जाड पिंप योग्य. तारेच्या घासणीने ते घासू नये, कारण ओरखड्यांत जंतू घर करतात. ज्यात पूर्वी लोणचे किंवा तेल होते त्याचा वास जात नाही, तेही टाळावे.

भांड्याचा पूर्वेतिहास

जमीन खरेदी करताना आपण सातबारा पाहतो, जुने फेरफार काढतो, बोजा आहे काय याची चौकशी करतो. भांडे घेताना मात्र त्यात पूर्वी काय होते, हे कोणी विचारीत नाही. शेतकऱ्याच्या घरी सर्वांत सहज हाती लागणारे रिकामे भांडे म्हणजे कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा डबा, आणि बाजारात स्वस्त मिळणारे निळे पिंप म्हणजे बहुधा रसायनाचे. असे भांडे सोड्याने धुतले, उन्हात तापविले, आठ दिवस पाण्याने भरून ठेवले, तरी ते अन्नास योग्य होत नाही. विष प्लॅस्टिकच्या अंगात मुरलेले असते आणि आम्ल व मद्यार्क त्यास पाण्यापेक्षा अधिक बाहेर काढतात. कीटकनाशकांविषयीच्या 1971 च्या नियमांतही रिकामे डबे उघड्यावर टाकू नयेत, ते पुन्हा वापरात येऊ नयेत, असा दंडक आहे. पन्नास-शंभर रुपयांचे भांडे वाचविण्यासाठी साऱ्या कुटुंबाच्या जिवाशी खेळ करणे हे कोणत्या हिशेबात बसते? ज्या भांड्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, ते अन्नाचे भांडे नव्हे, असे समजून चालावे.

धुणे व वेगळे ठेवणे

भांडे रिकामे होताच धुवावे. वाळलेला गाळ निघता निघत नाही. काच, चिनी माती व पोलाद यांस कोमट पाणी व धुण्याचा सोडा पुरेसा. मग तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने खळबळून पालथे घालावे. सुवासिक साबण वापरू नये. ज्या भांड्यात एकदा शिरका झाला, ते पुन्हा पहिल्या टप्प्यास घेऊ नये. दोन्ही भांड्यांवर रंगाने एक व दोन असे आकडे घालून ठेवले म्हणजे घरातील माणसांची गल्लत होत नाही.

कायद्याची बाब

पहिल्या टप्प्याच्या अखेरीस भांड्यात जे असते ते कायद्याच्या दृष्टीने मद्य ठरू शकते, मग आपला हेतू शिरक्याचा असला तरी. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी अधिनियम लागू असून परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. इंग्लंडातील मोकळीक येथे नाही. म्हणून काम आरंभण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जवळच्या कचेरीत लेखी अर्ज देऊन लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन दप्तरात राहत नाही, हे आम्ही चाकरीत असताना अनेकांना सांगत आलो. शिरका विकावयाचा असल्यास 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि आंबवून केलेल्या शिरक्यात शंभर मिलिलिटरमागे किमान 3.75 ग्रॅम आम्ल असावे असे मानक आहे. जिभेस आंबट लागणे हे त्याचे प्रमाण नव्हे. प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय तो विकूही नये व त्याच्या भरवशावर वर्षाचे लोणचेही घालू नये.

तात्पर्य

नव्याने आरंभ करणाऱ्याने पहिल्या वर्षी एक काचेची अरुंद तोंडाची बरणी, एक साबूत रुंद चिनी मातीची बरणी आणि काही काचेच्या बाटल्या एवढाच संच करावा व पाच लिटरांहून अधिक रस घेऊ नये. हाती कोणतेही भांडे आले असता तीन प्रश्न विचारावेत. या टप्प्यास हवा हवी की नको, हे द्रव्य आम्लास टिकेल काय, आणि या भांड्यात पूर्वी काय होते. तिन्हींचे उत्तर समाधानकारक असेल तरच त्यात रस ओतावा. उसास वर्षभर पाणी पाजून तयार केलेला रस दोन महिन्यांच्या आंबवणीत वाया जाऊ नये, एवढ्याच हेतूने हे टिपण सादर केले आहे.